त्या दिवशी तहसिली आल्या नाहीत

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा शहराची तारांबळ पाहण्यासारखी होती. खाती आली, साहेब आले, साहेबांच्या गाड्या आल्या, पण बसायला जागा नव्हती. मग शंकर नगरातले ठेकेदारांचे आणि निवृत्त डॉक्टरांचे बंगले भाड्याने घेतले गेले. एका खात्याचे मोठे साहेब जेवणघरात बसायचे आणि फायली न्हाणीघरात रचलेल्या असायच्या. भिंतीवर घरमालकाच्या नातवाने काढलेला हत्ती होता. साहेब बदलत गेले, हत्ती कोणी पुसला नाही.

त्याच बंगल्यात माझा निकाल लागला. तो निकाल खोटा होता हे मला फार उशिरा कळलं. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. माझं अजून मिळालेलं नाही, आणि मिळावं अशी माझी इच्छाही नाही. काही राग जपून ठेवण्यासारखे असतात असं माझं मत आहे.

आमचं घर रायपुरातल्या गुढियारीत. आजोबा वर्धेकडचे, रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच झाले. बाबाही रेल्वेत, मालधक्क्यावर क्लार्क. दिवसभर वॅगन, पोती आणि व्यापाऱ्यांची कटकट, तरी घरी आले की आवाज चढवायचे नाहीत. मी एमसीए करायचं म्हटलं तेव्हा काका घरी येऊन म्हणाले, "पोट्टीले एवढं शिकवून काय कलेक्टर बनवतं का?" बाबा म्हणाले, "बनली तर बनू दे ना, तुले काय तरास आहे?" काका चहा अर्धा टाकून गेले. मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होते. त्या दिवसापासून बाबा माझ्या बाजूचे, हे मी धरूनच चालले. माणूस एकदा आपल्या बाजूने बोलला की तो कायमचा आपला, असं मानण्याचं ते वय होतं.

शिकून झाल्यावर मला नोकरी दिली ती सरांनी. सर नागपूरचे. नवं राज्य म्हणजे नवी कामं, हे हेरून ते रायपूरला आले आणि समता कॉलनीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी कंपनी थाटली. जिन्यातून चढताना औषधाचा वास यायचा. सर आपली माणसं घ्यायचे. आपली म्हणजे घरी मराठी बोलणारी, कोणाच्या तरी ओळखीतली, ज्यांच्या बापाला फोन करता येईल अशी. मला हे तेव्हा चांगलं वाटायचं. सर आमच्या घरी जेवायला यायचे, आईच्या हातच्या पाटवडीच्या रश्शाला नाक पुसत दाद द्यायचे, आणि बाबांशी नागपूरच्या गप्पा मारायचे. आई म्हणायची, कंपनीचा मालक असून किती साधा माणूस आहे. साधा खरंच होता. साध्या माणसांनी माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं बेरक्यांनी नाही केलं.

आम्हाला काम मिळालं ते त्या हत्तीच्या बंगल्यातलं. खात्याच्या लाभार्थ्यांची नोंद कॉम्प्युटरवर करायची. जिल्हा निवडायचा, मग तहसील, मग गाव, मग माणसाचं नाव. ऐकायला सोपं. पण तेव्हाच्या पद्धतीत जिल्हा निवडला की अख्खं पान कोरं व्हायचं आणि वरपासून पुन्हा उतरायला लागायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं, त्यामुळे पान उतरेपर्यंत बाबू ठेल्यावर जाऊन चहा पिऊन परत यायचा. कधी कधी यायचाही नाही.

त्यावर नवा उपाय निघाला होता. पान जागचं हलायचं नाही. ते मागच्या मागे सर्व्हरला विचारायचं, उत्तरासाठी अडून बसायचं नाही, आणि उत्तर आलं की तेवढाच चौकोन भरायचा. बाबूला वाटावं की मशीनला मनातलं कळलं. अशी पानं बनवायचं आणि चालवायचं तयार साहित्य एका संचात मिळायचं, त्याला आम्ही टूलकिट म्हणायचो. त्याच्या माहितीत लिहिलेलं होतं की हे कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. 'कोणत्याही' हा शब्द कोणी वापरला की मी तेव्हापासून सावध होते.

कारण खात्याकडे मशीनं होती तीन जातींची. भोपाळहून वाटणीत आलेली जुनी, त्यांच्यावर म्हातारं विंडोज. राजधानीत घेतलेली नवी, त्यांच्यावर नवं विंडोज. आणि जिल्ह्यांसाठी मागवलेली, त्यांच्यावर लिनक्स, कारण ते फुकट. हे टूलकिट सगळ्यांवर बसवायचं काम सरांनी मला दिलं. ऑफिसात दुसरा एक पोरगा होता, माझ्याच बरोबरीचा, बोलायला गोड, पण लिनक्सचं नाव काढलं की त्याला बँकेत काम निघायचं.

मी ते काम कसं केलं ते सांगते, कारण पुढे माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकायच्या आधी हे ठाऊक असायला हवं. म्हाताऱ्या विंडोजवर टूलकिट एका फोल्डरमध्ये बसायला तयारच नव्हतं. त्या फोल्डरच्या नावात मधे एक मोकळी जागा होती, तेवढ्याने ते रुसायचं. मी त्याला सरळ बाहेर, उघड्यावर, आखूड नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन बसवलं. नव्या विंडोजवर ते बसायचं लगेच, पण राखणदार भिंत, म्हणजे फायरवॉल, त्याला बाहेर बोलू द्यायची नाही आणि तसं सांगायचीही नाही. भिंतीत एक दार उघडून द्यावं लागायचं. हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी एकेक करून शोधलं आणि प्रत्येक वेळी आईला घरी जाऊन सांगितलं. आई म्हणायची, "बसलं ना एकदाचं? मंग जेव."

लिनक्सने मात्र मला रडवलं. हे टूलकिट जावा नावाच्या पायावर उभं राहतं. लिनक्ससोबत जे जावा म्हणून यायचं ते अस्सल जावा नव्हतं. त्याच्यासारखं बनवलेलं दुसरंच काहीतरी होतं आणि नाव मात्र तेच लावून बसलं होतं. ते बऱ्याच गोष्टी नीट करायचं. पान उघडायचं, रंग दिसायचे, बटणं दाबली जायची. पण मागच्या मागे विचारायचं काम आलं की ते गप्प. चूक झाली असंही म्हणायचं नाही. नुसतं एक लहान चक्र फिरत राहायचं. मी कित्येक दिवस माझ्या कोडमध्ये चूक शोधत बसले. शेवटी कळलं की दोष खालच्या पायात आहे. अस्सल जावा वेगळं आणून टाकायचं आणि मग मशीनला एका ओळीच्या आज्ञेने सांगायचं की यापुढे जावा म्हटलं की हे समजायचं, ते नाही. एकच ओळ. तीच उलटी लिहिली की मशीन पुन्हा त्या तोतयाला हाक मारायला लागणार.

ज्या दुपारी लिनक्सवर पहिल्यांदा जिल्हा निवडल्या निवडल्या तहसिली भराभर उतरल्या, त्या दुपारी मी खुर्चीवरून उठून सरांच्या खोलीत धावत गेले. मी सरांना ती ओळही समजावून सांगितली. सरांनी मला ती दोनदा लिहून दाखवायला लावली आणि म्हणाले, "वा. हे आपल्या कंपनीत कोणालेच येत नव्हतं. मलेही नाही." मला वाटलं, ही माझी सगळ्यात मोठी कमाई.

मग जगदलपूरची गोष्ट निघाली. खात्याला तिथे एक माणूस हवा होता. बस्तरच्या सगळ्या कार्यालयांतली मशीनं त्याने सांभाळायची, बसवायची, बिघडली तर जाऊन बघायची. राहायला खात्याच्याच आवारात खोली. आधी साहेबांपुढे करून दाखवायचं, साहेबांची मान हलली की रवानगी. सर म्हणाले, "काम तू केलं, तर नावही तुहंच जाईन."

मला जगदलपूर हवं होतं. किती हवं होतं ते आता सांगितलं तर हसू येईल. मी कधी घराबाहेर एकटी राहिले नव्हते. घरात मी बाबांची पोरगी होते, ऑफिसात सरांच्या ओळखीतली पोरगी. केशकालचा घाट ओलांडून पलीकडे गेलं की तिथे मला फक्त माझ्या कामावरून ओळखणार होते. माझी खोली, माझी किल्ली, मी बसवलेली मशीनं. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "पाहू." आमच्या घरात बाबांच्या 'पाहू'चा अर्थ हो असाच होता. शाळेच्या सहलीपासून एमसीएपर्यंत सगळं 'पाहू' म्हणूनच झालं होतं. मी बाजारात जाऊन एक मोठी बॅग बघूनही आले.

करून दाखवायच्या आदल्या दिवशी मी बंगल्यात जाऊन दोन्ही मशीनं लावली, एक नवं विंडोज आणि एक लिनक्स. सगळे जिल्हे एकेक करून निवडून पाहिले. सगळ्या तहसिली आल्या. मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा पाहिलं. शिपायाने खोलीला कुलूप लावलं तेव्हा मी दारातच उभी होते.

सकाळी मी पोचले तर शिपाई म्हणाला, "सर तो कब के आ गे हे, मैडम." नारळ फोडायचा होता, पूजेचं सामान मांडायचं होतं, म्हणून सर आधी आले असतील असं मला वाटलं. आपल्याकडे नवीन मशीनला कुंकू लागल्याशिवाय बटण दाबत नाहीत. सर लिनक्सच्या मशीनपुढे बसले होते. मला बघून उठले, म्हणाले, "ये, ये. जरा पडद्यावरची धूळ पुसून राहिलो होतो." मी चपला बाहेर काढून आत गेले आणि उदबत्ती लावली.

साहेब आले. विंडोजवर सगळं पाण्यासारखं झालं. साहेबांनी स्वतः जिल्हा निवडला, तहसिली आल्या, साहेबांची मान हलली. मग ते म्हणाले, "और वो वाला? डिस्ट्रिक्ट में तो वही जाएगा ना?" मी लिनक्सवर पान उघडलं. सुंदर उघडलं. मी बस्तर निवडलं. चक्र फिरायला लागलं.

मला आठवतं, मी हसतच उभी होते. एक क्षण लागतो, आता येतील. चक्र फिरत होतं. मी दुसरा जिल्हा निवडला. चक्र फिरत होतं. पान तसंच छान दिसत होतं, बटणं दाबली जात होती, आणि तहसिलींचा चौकोन रिकामा. साहेबांचा चहा आला. त्यांनी तो पूर्ण प्यायला. "मैडम, ये तो घूम ही रहा है," ते म्हणाले, रागाने नाही, कंटाळून. मी पान बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा बस्तर निवडलं. सर पुढे झाले आणि म्हणाले, "साहब, अभी बच्ची है, सीख रही है. आप दो मिनट दीजिए."

मला उठवून ते माझ्या खुर्चीत बसले. मी त्यांच्या मागे उभी. त्यांनी काय केलं ते मला दिसलं नाही, कारण मी डोळ्यांतलं पाणी थोपवायला वर पंख्याकडे बघत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हं, आलं." तहसिली भराभर उतरल्या. मग हळूच मला म्हणाले, "जावा चुकीचं लावलं होतंस तू. असू दे, होते असं."

मी लावलं होतं. मला आठवत होतं की मी नीट लावलं होतं. पण समोर तर घडलं होतं, आणि सर तर खोटं बोलणार नाहीत. मग खोटी असू शकत होती ती एकच गोष्ट, माझी आठवण. मी तिला खोटं ठरवलं.

जगदलपूरला तो दुसरा पोरगा गेला. जायच्या आधी माझ्याकडूनच सगळं शिकून गेला. मीच शिकवलं, नाही कशाला म्हणू?

त्या दिवशी संध्याकाळी बाबा कामावरून आले ते समोसे घेऊन. माझी हकिकत त्यांना आईने सांगितली असेल असं मी समजले. मी मागच्या पायरीवर बसले होते. बाबा शेजारी येऊन बसले. आम्ही बाप-लेक असे कधी बसत नव्हतो. मी त्यांच्या खांद्याला डोकं टेकवून रडले, मोठ्याने, शेजारच्यांना ऐकू जावं इतक्या. म्हणाले, "बाबा, मैंने सब ठीक किया था. मुझसे क्या गलती हुई?" बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझं तोंड पुसलं. "होते बेटा," ते म्हणाले. "माणूस आहे, चुकते. एवढं काहून मनाले लावून घेऊन राहिली?" त्यांचेही डोळे भरले होते. जगात असा बाप कोणाला नसेल असं मला वाटलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण सांगितलीच पाहिजेत, कारण नुकसान तिथेच झालं. मी कंपनीत राहिले, पण कोणतंही मशीन एकटीने लावलं नाही. लावलं तरी शेजारच्याला उठवून विचारायची, बघ रे, बरोबर आहे ना? गॅसची शेगडी बंद केली का ते पुन्हा पुन्हा उठून बघायची सवय लागली. हैदराबादला एका मैत्रिणीने माझं नाव दिलं होतं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुम्ही एकट्या सर्व्हर उभा करू शकाल का? मी म्हणाले, सोबत कोणी असेल तर बरं. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. मला वाटलं बरोबरच आहे, माझ्यासारखीला कोण घेईल? मग लग्न झालं, रायपुरातच, समता कॉलनीत. एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. मुलांना पेंटमध्ये घर काढायला शिकवायचं, त्यात चुकायला काही नव्हतं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा रेल्वेच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. सर आले होते. केस पिकले होते, कंपनी केव्हाच दुसऱ्याला विकून ते नागपूरला परत गेले होते, पण बाबांसाठी मुद्दाम आले. मी ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, शाळेची केली, आणि मग बाबांकडे बोट दाखवून प्रेमाने म्हणाले, "असा बाप भेटाले नशीब लागते. तुले माहीत आहे ना, जगदलपूरच्या टायमाले त्यायनं माह्याकडून काय करून घेतलं होतं?"

मी म्हणाले, नाही.

"सांगतलं नाही अजून? मले वाटलं आतापर्यंत सांगतलं असन." ते हसले. "ऑफिसात आले होते. म्हणे, सर, पोट्टी जगदलपूरले नको जायले पाहिजे. जंगलाचा इलाका, एकटी पोरगी, मले झोप नाही येनार. मी म्हटलं, मंग तिले नाही म्हना. तर म्हणे, ते माह्याच्यानं होत नाही. तिचं मन नको मोडाले पाहिजे आन् ती जायलेही नको पाहिजे. आता दोन्ही गोष्टी कशा जमन, तूच सांग. मंग म्या सकाळी लवकर जाऊन ती एक ओळ उलटी करून ठेवली. तूच तर शिकवली होती." त्यांनी जिलबीचा तुकडा तोडला. "पाच मिनिटांत पुन्हा सरळही करून देली. तुहं नाव खराब नाही होऊ देलं."

हॉलच्या पलीकडे बाबा एका जुन्या सहकाऱ्याच्या ताटात आग्रहाने जिलबी वाढत होते. तो हात आडवा करत होता आणि बाबा ऐकत नव्हते. मी ताट उचलून उठले. सरांशी भांडण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी एका मित्राचं काम केलं होतं, आणि ते त्यांना अजून पुण्याचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुढियारीला गेले. बाबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. आमच्या घरात बाबा मराठीत बोलायचे आणि मी लहानपणापासून हिंदीत उत्तर द्यायची, ती आमची रीतच होती. त्या दिवशी मी मराठीत विचारलं. "बाबा, जगदलपूरचं तुम्ही मोडलं?"

शेंगा फोडणारा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "सरनं सांगतलं वाटते."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुले नाही म्हटलं असतं तर तू आयकलं असतं का?"

"नसतं ऐकलं. भांडले असते."

"तेच." त्यांनी दाणे एका बाजूला सारले. "हे पाय, आपल्यात स्थळाले नाही म्हनायचं असलं तर कोणी तोंडावर म्हनते का, की पोरगा पसंत नाही? पत्रिका जुळत नाही म्हनतात. कोणाचं मन दुखत नाही, घरं तुटत नाहीत. तुह्या आत्याच्या टायमाले माह्या बापानं असंच केलं होतं. आता तुह्या नोकरीची काय पत्रिका राहते? मंग मशीननं नाही म्हटलं. म्या नाही म्हटलं असतं तर तू जन्मभर माह्यावर राग धरला असता."

ते हे इतक्या शांतपणे सांगत होते की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं. मग मला राग आला, असा की मला ओसरीवर बसवेना. मी उभी राहिले.

"पत्रिका जुळली नाही तर दोष ग्रहांचा असतो बाबा. मुलीत खोट आहे असं कोणी म्हणत नाही. इथं खोट माझ्यात निघाली. साहेबांपुढे मला बच्ची म्हटलं. मी इतकी वर्षं समजत आले की मला काम येत नाही. हैदराबादला मी स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं. तुम्ही मला नुसतं नाही म्हणायचं होतं. मी भांडले असते, जेवले नसते, तुमच्याशी बोलले नसते. पण मला काम येतं हे तरी मला माहीत राहिलं असतं."

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. हैदराबादचं त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं, पण ते लगेच पुन्हा बाप झाले. "खरं सांग," ते म्हणाले, "म्या नाही म्हटलं असतं, तरी तू गेली असती?"

"हो."

"मंग म्या केलं ते बरोबरच केलं."

त्यांच्याकडे मी किती वेळ बघत राहिले ठाऊक नाही. हा माणूस काकांना परतवून लावणारा. हा माणूस माझ्या बाजूचा. माझी चूक नव्हती हे त्या संध्याकाळी ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्याच्याच खांद्यावर मी डोकं ठेवून माझं काय चुकलं असं विचारलं होतं, आणि त्याने दुपट्ट्याने माझं तोंड पुसत मला सांगितलं होतं की माणूस आहे, चुकते.

मी तेच त्यांना म्हणाले. म्हणाले, "त्या दिवशी मागच्या पायरीवर तुम्ही रडला होता. ते कशाला?"

"तू रडून राहिली होती म्हनून," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "ते खोटं नव्हतं बेटा."

खोटं नव्हतं हे मलाही माहीत होतं, आणि त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं. त्यांच्या पुढ्यातला चहाचा कप रिकामा झाला होता. काहीतरी हातात हवं म्हणून मी तो उचलला आणि आत नेला. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून पोळ्या लाटत होती. आमचं सगळं बोलणं तिला ऐकू गेलं असणार, ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक पातळ भिंत आहे. मला वाटलं ती वळेल, मला जवळ घेईल, त्यांना दोन शब्द सुनावेल.

तिने लाटणं थांबवलं नाही. "सांगतलं का तुह्या बाबानं एकदाचं?" ती म्हणाली. "मी तवापासून म्हनून राहिली, सांगून टाका."